शेअर बाजारातील प्राथमिक शब्द : नव्या गुंतवणूकदारांसाठी

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील घरांत शिल्लक पैसा आजवर ठरलेल्या ठिकाणी जात आला. शेत, सोने, प्लॉट, पोस्ट आणि बँकेतली मुदत ठेव. शेअर हा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचा विषय असे. आता तसे राहिलेले नाही. देशातील डीमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली आणि त्यानंतरही वाढतच आहे. त्यात आपल्याकडची कॉलेजात जाणारी मुले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि संत्र्याच्या बहाराचे पैसे हाती आलेले शेतकरीही आहेत. खाते मोबाईलवर अर्ध्या तासात उघडते. त्या खात्यात जे शब्द दिसतात त्यांचा अर्थ मात्र कोणी समजावून सांगत नाही.

बँकेच्या नोकरीत काउंटरच्या अलीकडे बसून एक गोष्ट वारंवार पाहिली. नुकसान झालेला माणूस बहुतेक वेळा लोभी किंवा अडाणी नसतो. ज्या शब्दाखाली सही केली त्याचा अर्थ त्याला माहीत नसतो. म्हणून मंडळाच्या वाचकांसाठी हे टिपण. कोणता शेअर घ्यावा हे यात नाही. बाजारातले शब्द मी तीन प्रकारांत पाहतो. काही मालकीचे, काही भावाचे आणि काही उधारीचे. ॲपवर मात्र तिन्ही एकाच रंगात, एकाच आकाराच्या बटणांवर असतात.

मालकीचे शब्द

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहान समान हिस्सा. मराठीत समभाग. आपल्या शेजारचे जुने उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी १८७४ साली १५ लाख रुपये भांडवलाची ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. अशा कंपनीचे भांडवल समान भागांत वाटलेले असते. ज्याच्याकडे जितके भाग, तितकी त्याची मालकी, तितकी मते आणि वाटलेल्या नफ्यात तितका वाटा. कंपनी ‘लिमिटेड’ असते याचा अर्थ एवढाच की ती बुडाली तर तुम्ही घातलेले पैसे जातील, पण कंपनीचे कर्ज फेडायला तुमचे घर कोणी विकणार नाही.

याची दुसरी बाजू नवीन माणसाला सांगितली जात नाही. कंपनी मोडीत निघाली की बँका, कामगार, सरकार आणि इतर देणेकरी आधी रांगेत उभे राहतात. शेअरधारक सगळ्यात शेवटी, आणि त्याच्यापर्यंत सहसा काही उरत नाही. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. एवढी नावाजलेली गिरणीही कायमची नसते. मुदत ठेवीत बँक तुमची ऋणको असते. शेअरमध्ये तुमचे कोणीच काही देणे लागत नाही, तुम्ही मालक असता.

दर्शनी किंमत, म्हणजे फेस व्हॅल्यू, हा शेअरच्या कागदावर छापलेला आकडा. १, २, ५, १० रुपये असा असतो. बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. पण लाभांश, म्हणजे डिव्हिडंड, टक्क्यांत जाहीर होतो तेव्हा ते टक्के दर्शनी किंमतीवर असतात. ‘कंपनीने ५०० टक्के लाभांश दिला’ हे वाचून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर ५०० टक्के म्हणजे १० रुपये, आणि शेअरचा भाव १,००० असेल तर तुमच्या पैशावर मिळाले १ टक्का. शिवाय एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो.

बाजारमूल्य, म्हणजे मार्केट कॅप, हा शब्द मी भावापेक्षा महत्त्वाचा मानतो. एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअरची संख्या, म्हणजे संपूर्ण कंपनीची बाजाराने केलेली किंमत. एमआरएफ या टायर कंपनीचा एक शेअर जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांच्या पुढे गेला. म्हणून ती देशातली सर्वांत मोठी कंपनी झाली नाही. तिचे शेअरच संख्येने थोडे आहेत, एवढेच. उलट ४ रुपयांचा शेअर ‘स्वस्त’ असतो असेही नाही. चार रुपयांचे दोन होतात, आणि दोनाचे शून्यही होते. संत्र्याचा बगीचा घेताना आपण एका झाडाचा भाव विचारून थांबत नाही. झाडे किती, पाणी किती, वय किती हे पाहतो.

स्प्लिट म्हणजे विभाजन. १० रुपये दर्शनी किंमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच होतात आणि भावही साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. बोनस शेअरमध्ये कंपनी साठलेल्या राखीव निधीतून फुकट शेअर देते, पण तिथेही भाव त्या प्रमाणात उतरतो. शंभराची नोट मोडून वीसच्या पाच घेतल्या तर आपण श्रीमंत होत नाही. हक्क समभाग, म्हणजे राइट्स, यात मात्र खिशातून पैसे घालावे लागतात. जुन्या शेअरधारकांना ठराविक किंमतीत नवे शेअर घेण्याचा पहिला हक्क मिळतो. पत्र आले की मुदत पाहावी. मुदत गेली की हक्कही जातो.

बोरगावचा कारखाना आणि ‘डीमर्जर’

लिस्टेड कंपनी म्हणजे जिचे शेअर शेअर बाजारात नोंदलेले आहेत आणि रोज खरेदी-विक्रीला उपलब्ध आहेत अशी कंपनी. अशा कंपनीचा मोठा कारखाना आपल्या सौंसर तालुक्यातच, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात आहे. रेमंडचा कापड कारखाना. कंपनीच्या कागदांत तो अजूनही ‘छिंदवाडा प्लांट’ म्हणून ओळखला जातो. या कंपनीत गेल्या दोन वर्षांत जे घडले ते नव्या गुंतवणूकदाराला फार शिकवणारे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डीमर्जर म्हणजे विलगीकरण. एका कंपनीतला एक धंदा वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी करायची आणि जुन्या शेअरधारकांना नव्या कंपनीचे शेअर द्यायचे. घरात वाटणी होते तसे. रेमंड लिमिटेडने कापड व तयार कपड्यांचा धंदा वेगळा काढून तो रेमंड लाइफस्टाइल या कंपनीकडे दिला. रेमंडच्या दर ५ शेअरमागे लाइफस्टाइलचे ४ शेअर असे प्रमाण ठरले. रेकॉर्ड डेट होती ११ जुलै २०२४.

रेकॉर्ड डेट म्हणजे ज्या दिवशी कंपनी आपल्या वहीत पाहते की आज शेअरधारक कोण आहेत. त्या दिवशी नाव असेल त्यालाच लाभांश, बोनस किंवा नवे शेअर मिळतात. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभ मिळत नाही. आता सौदा दुसऱ्याच दिवशी पूर्ण होत असल्यामुळे या दोन तारखा बहुधा एकच असतात. म्हणजे लाभ हवा असेल तर निदान एक कामकाजाचा दिवस आधी शेअर घेतलेला असला पाहिजे. या प्रकरणात १० जुलैपर्यंत घेणारा पात्र होता, ११ जुलैला घेणारा नव्हता.

११ जुलैला सकाळी रेमंडचा भाव आदल्या दिवसापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी खाली दिसू लागला. कोणतीही वाईट बातमी नव्हती. घरातून कापडाचा धंदा बाहेर गेला होता, म्हणून उरलेल्या घराची किंमत कमी झाली होती. पण लाइफस्टाइलचे शेअर बाजारात प्रत्यक्ष नोंदले गेले ५ सप्टेंबर २०२४ ला. मधल्या जवळपास आठ आठवड्यांत मोबाईलवर फक्त तोटा दिसत होता, आणि त्याची दुसरी बाजू कुठेच दिसत नव्हती. १४ मे २०२५ ला हेच पुन्हा झाले. बांधकामाचा धंदा रेमंड रिअल्टी म्हणून वेगळा निघाला, या वेळी एका शेअरला एक, आणि रेमंडचा भाव एका रात्रीत सुमारे दोन-तृतीयांशाने उतरलेला दिसला. रिअल्टीचे शेअर १ जुलै २०२५ ला बाजारात आले. लाल आकडा पाहून घाबरून रेकॉर्ड डेटनंतर ज्याने विकले, त्याचे नव्या कंपनीचे शेअर काही गेले नाहीत. ते त्याच्या खात्यात आलेच. पण उरलेल्या मूळ कंपनीत राहायचे की नाही हा निर्णय त्याने घाबरून घेतला, हिशेब करून नव्हे.

आणखी एक. लाइफस्टाइलचा शेअर नोंदला गेला तेव्हा ३,००० रुपयांच्या आसपास होता. मार्च २०२५ पर्यंत तो निम्म्याच्याही बराच खाली आला. बोरगावला कापड त्या काळातही निघतच होते. कारखाना चालू असणे आणि त्याच्या शेअरचा भाव टिकणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ओळखीचा कारखाना आहे, गावातली मुले तिथे कामाला आहेत, म्हणून शेअर सुरक्षित, असा हिशेब करू नये.

भावाचे शब्द

शेअर बाजार, म्हणजे स्टॉक एक्स्चेंज, आपल्या मंडीसारखाच आहे. फक्त गाड्या दिसत नाहीत. मुंबई शेअर बाजार, बीएसई, १८७५ पासून आहे. राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई, येथे शेअरचे सौदे १९९४ पासून होतात. दोन्हीवर देखरेख सेबीची, जिला १९९२ साली कायद्याने अधिकार मिळाले. अडत्याशिवाय मंडीत माल विकता येत नाही, तसे नोंदणीकृत दलालाशिवाय, म्हणजे ब्रोकरशिवाय, येथे सौदा होत नाही. वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३०.

बिड म्हणजे घेणाऱ्याची बोली, आस्क म्हणजे विकणाऱ्याची मागणी. दोन्ही जुळले की सौदा. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘जो भाव असेल त्याला घे’. लिमिट ऑर्डर म्हणजे ‘एवढ्याच भावात, जास्त नाही’. नवीन माणसाने लिमिट ऑर्डरचीच सवय लावावी असे माझे मत आहे. ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी असते तिथे मार्केट ऑर्डर भलत्याच भावाला लागते. स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठराविक पातळीखाली गेला तर आपोआप विकण्याची आधी देऊन ठेवलेली सूचना. ती नुकसान थांबवेलच अशी हमी नाही; रात्रीतून वाईट बातमी आली तर बाजार त्या पातळीच्या कितीतरी खाली उघडतो.

तेजीवाले म्हणजे बुल, मंदीवाले म्हणजे बेअर. पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकाच झेंड्यासाठी भिडतात, तसे हे दोघे एकाच भावासाठी. जखमी दोन्हीकडचे होतात.

निर्देशांक, म्हणजे इंडेक्स. सेन्सेक्स ३० मोठ्या कंपन्यांचा, निफ्टी ५० चा. सेन्सेक्सचे आधारवर्ष १९७८-७९, तेव्हा तो १०० धरला आहे. जुलै २०२४ मध्ये तो ८०,००० च्या वर गेला, म्हणजे ४५ वर्षांत ८०० पट. चक्रवाढीने वर्षाला सुमारे १६ टक्के पडतात. हा आकडा एजंट मंडळी फार आवडीने सांगतात. त्यासोबत दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, निर्देशांकातल्या कंपन्या बदलत असतात. मागे पडलेली काढतात आणि पुढे आलेली घालतात. तुमच्या खात्यातली मागे पडलेली कंपनी अशी कोणी बदलून देत नाही. दुसरी, जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या जवळ होता आणि मार्च २००९ मध्ये ८,००० च्या आसपास. ज्याला २००९ च्या उन्हाळ्यात मुलीचे लग्न करायचे होते त्याला ४५ वर्षांची सरासरी काय कामाची? दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा बाजारात नसावा, हे त्या वर्षी अनेकांना उशिरा कळले.

सर्किट म्हणजे भावाच्या चढ-उताराला घातलेला बांध. बहुतेक शेअरना दिवसाची वर-खाली टक्केवारीची मर्यादा असते. संपूर्ण निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला तर साऱ्या बाजाराचे व्यवहार थांबवले जातात. २३ मार्च २०२० ला तसे झाले. व्यवहार ४५ मिनिटे थांबले आणि तरीही दिवसअखेर सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक पडला. लहान कंपनीच्या शेअरला ‘लोअर सर्किट’ लागले की घेणाराच नसतो. भाव दिसतो, पण विकता येत नाही.

आता किंमत-उत्पन्न गुणोत्तर, ज्याला सगळे पी-ई म्हणतात. आधी ईपीएस, म्हणजे कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा भागिले शेअरची संख्या. भाव भागिले ईपीएस म्हणजे पी-ई. समजा शेअर ५०० रुपयांना आहे आणि प्रत्येक शेअरमागे नफा २० रुपये, तर पी-ई २५. बगीच्याच्या भाषेत, वर्षाला दोन लाख निव्वळ देणारा बगीचा पन्नास लाखांना घेतला. बँकवाल्याच्या सवयीने मी हा आकडा उलटा करतो. २० भागिले ५००, म्हणजे ४ टक्के. मुदत ठेव त्याहून जास्त देते. मग कोणी २५ पटीने का घ्यावे? नफा दरवर्षी वाढत जाईल या अपेक्षेने. ती अपेक्षा खरी ठरली तर घेणारा शहाणा ठरतो. म्हणून पी-ई ५० किंवा ८० पाहिला की स्वतःला एकच प्रश्न विचारावा : एवढी वाढ कुठून येणार? आणि पी-ई फार कमी, ४ किंवा ५ असला, तर बाजाराला काय माहीत आहे जे मला नाही, हेही विचारावे.

प्रवर्तक, म्हणजे प्रमोटर, कंपनी काढणारे व चालवणारे लोक. त्यांचा हिस्सा किती आणि त्यातला किती गहाण आहे, हे दर तिमाहीला जाहीर होते. गहाण हिस्सा वाढत असेल तर सावध व्हावे. कर्जदाराच्या वहीत हाच आकडा आम्ही आधी पाहत असू.

आयपीओबद्दल थोडक्यात. कंपनी पहिल्यांदा सर्वसामान्यांना शेअर देते तो आयपीओ. अर्ज लॉटमध्ये करावा लागतो आणि किरकोळ गुंतवणूकदाराची मर्यादा २ लाख रुपये आहे. पैसे तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवले जातात आणि शेअर मिळाले तरच कापले जातात. या पद्धतीला अस्बा म्हणतात. ‘ग्रे मार्केट प्रीमियम’ म्हणून जो आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो त्याला कायद्याचा कसलाही आधार नाही.

उधारीचे शब्द

इथे मालक असणे संपते आणि देणे सुरू होते.

डिलिव्हरी म्हणजे पूर्ण पैसे देऊन शेअर घेणे. जानेवारी २०२३ अखेरपासून सर्व शेअरचा सौदा टी-प्लस-वन पद्धतीने, म्हणजे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. इंट्राडे म्हणजे सकाळी घेऊन त्याच दिवशी विकणे. शेअर खात्यात येतच नाहीत. मार्जिन म्हणजे सौद्याच्या रकमेचा काही भागच भरून उरलेला दलालाच्या उसन्या पैशाने करणे. भाव पडला की मार्जिन कॉल येतो, म्हणजे आणखी पैसे भरा. नाही भरले तर तुमचे शेअर विकले जातात, आणि तेही पडलेल्या भावात.

उसन्या पैशाच्या तेजीचा इतिहास आपल्या कापसाशी जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने हिंदुस्थानच्या कापसाला विलक्षण भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले, आणि बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून बेसुमार कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला, शेअर कोसळले आणि पुढे ती बँकही गुंडाळावी लागली. तारण भावावर अवलंबून आणि भाव उधारीवर अवलंबून. बँकेत प्रशिक्षणाला आलेल्या मुलांना मी हे उदाहरण नेहमी देत असे.

फ्यूचर आणि ऑप्शन, म्हणजे एफ अँड ओ. आपल्या भागातल्या माणसाला हे समजणे अवघड नाही, कारण संत्र्याचा व्यवहार असाच होतो. आंबिया बहाराची फळे झाडावर हिरवी असताना व्यापारी येतो, बगीचा ४ लाखांना ठरवतो आणि २० हजार इसार देतो. तोडणीच्या वेळी भाव चढला तर तो ४ लाखांतच माल उचलतो. भाव पडला तर इसार सोडून निघून जातो. ऑप्शन घेणारा म्हणजे हा व्यापारी. त्याचा इसार म्हणजे प्रीमियम, ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक प्राइस आणि तोडणीची तारीख म्हणजे एक्स्पायरी. घेण्याचा हक्क तो कॉल, विकण्याचा हक्क तो पुट. इसार घेऊन बसलेला शेतकरी म्हणजे ऑप्शन विकणारा. त्याला मिळणार जास्तीत जास्त २० हजार, आणि भाव दुप्पट झाला तरी माल द्यावा लागणार ठरल्या किंमतीत. शेतकऱ्याकडे निदान संत्री असतात. मोबाईलवर ऑप्शन विकणाऱ्या पोराकडे बगीचाच नसतो, त्याला फरक रोख भरावा लागतो. फ्यूचरमध्ये इसार सोडून पळताही येत नाही. दोघेही बांधलेले, आणि भावातला फरक रोजच्या रोज खात्यातून वळता होतो.

ही साधने मुळात ज्याच्याकडे माल किंवा शेअर आहेत त्याने जोखीम कमी करावी यासाठी आहेत. प्रत्यक्षात काय होते ते सेबीनेच मोजले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. सर्वांचा मिळून निव्वळ तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२४-२५ मध्येही तोटा झालेल्यांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के होते. नोकरी शोधणाऱ्या मुलाला ‘क्लास लावून’ हे शिकवणारे त्याला हा आकडा सांगत नाहीत. ग्रॅच्युइटीचा किंवा बहाराचा पैसा इथे नेऊ नये, हे मी स्पष्ट लिहितो.

डब्बा ट्रेडिंग हा शब्दही आपल्या भागात नवा नाही. शेअर बाजाराच्या बाहेर, दलालाच्या खासगी वहीत केलेला सौदा. पावती नाही, डीमॅटमध्ये नोंद नाही, आणि हे सारे बेकायदेशीर असल्यामुळे पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. ‘टिप्स’ देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. ‘खात्रीचा परतावा’ हे शब्द उच्चारणारा माणूस त्या शब्दांनीच बाद होतो. पैसे कोणत्याही व्यक्तीच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पाठवू नयेत.

म्युच्युअल फंड आणि एसआयपी यांवर स्वतंत्र लेख हवा. येथे इतकेच की एसआयपी ही दरमहा पैसे भरण्याची पद्धत आहे, आवर्ती ठेव नव्हे. तिच्यात ठरलेले व्याज नसते.

कराचे दोन आकडे लक्षात ठेवावेत. २३ जुलै २०२४ पासून बाजारात नोंदलेले शेअर १२ महिन्यांच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के. त्यापेक्षा जास्त काळ ठेवून विकल्यास वर्षाला पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर कर नाही, त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के.

डीमॅट, नॉमिनी आणि ट्रंकेतले कागद

डीमॅट खाते म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद. पटवाऱ्याच्या दप्तरात जमिनीचा खसरा-बी-१ असतो, तसा शेअरचा खसरा डिपॉझिटरीकडे असतो. देशात अशा दोन आहेत, एनएसडीएल आणि सीडीएसएल. ब्रोकर फक्त मधला माणूस. म्हणून ब्रोकरचे ॲप काय दाखवते यावर न थांबता डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे विवरण दर महिन्याला उघडून पाहावे. बनावट ॲपवर लाखोंचा नफा दिसतो, पण डिपॉझिटरीच्या विवरणात त्यातला एकही शेअर नसतो.

खाते उघडताना आपल्या लोकांना नावाची अडचण हमखास येते. आपण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी लिहितो. मध्य प्रदेशातील कागदांवर पुष्कळदा मधले नाव नसते. पॅनवर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. माहेरचे नाव बदललेल्या स्त्रियांचे तर विचारूच नका. शिवाय २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा आणि नव्यांवर पांढुर्णा. हे सारे आधी एकसारखे करून घ्यावे. जिवंत माणसाला एका अर्जात होणारे काम वारसांना वर्षभर पुरते.

नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. खातेदार गेल्यावर शेअर तिच्या ताब्यात दिले जातात. ती मालक होते का? ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की, केवळ नॉमिनी असल्यामुळे शेअरची मालकी मिळत नाही, ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणेच जाते. नॉमिनी जरूर नेमावा, त्याने ताबा लवकर मिळतो. पण एकापेक्षा जास्त वारस असतील तर मृत्युपत्रही करावे.

ट्रान्समिशन म्हणजे मृताच्या नावावरील शेअर वारसाच्या नावे चढवणे. महाराष्ट्रात ज्याला वारसाचा फेरफार म्हणतात आणि आपल्याकडे फौती नामांतरण, तेच शेअरचे. कागदी शेअर असतील तर अर्ज कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जातो. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, त्यामुळे आधी वारसाचे डीमॅट खाते लागते.

जुन्या ट्रंकेत आजोबांची शेअर प्रमाणपत्रे निघाली तर कंपनीचे नाव ओळखीचे नाही म्हणून ती रद्दीत टाकू नयेत. टेल्को २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, टिस्को २००५ मध्ये टाटा स्टील आणि हिंदुस्तान लिव्हर २००७ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर. संख्याही कागदावरची धरू नये. लिव्हरच्या १० रुपयांच्या एका शेअरचे २००० साली १ रुपयाचे दहा झाले. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होतात. ते बुडालेले नसतात. आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत व कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावे लागतात. सरकार या अर्जाला शुल्क घेत नाही, त्यामुळे निम्मे शेअर मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्यापूर्वी अर्ज स्वतः एकदा उघडून वाचावा. मृत्यूचा दाखला, वारसाचा पॅन, रद्द केलेला धनादेश आणि डीमॅटचे विवरण एवढे हाताशी ठेवले की सुरुवात करता येते. रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्राची प्रतही मागतात.